देवपुरातला रविवारचा राज्यघटनेचा वर्ग : नऊ रविवारांनंतर

वर्गाचं नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि सरांबद्दल मला मनापासून आदर आहे. धुळ्यात एमपीएससी करणाऱ्यांना देवपूर म्हटलं की पुरेसं आहे.

फी साडेचार हजार, नऊ रविवार, सकाळी दहा ते दुपारी दोन. मी शिरपूर तालुक्यात कंत्राटी परिचारिका आहे. सकाळची एसटी धरायची आणि डबा घेऊन पोहोचायचं. खोली लांबट आहे, मागच्या बाकावर फळा नीट दिसत नाही, तेव्हा लवकर जा. नोट्स सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आहेत, छायाप्रती स्वच्छ मिळतात. पहिले चार रविवार चांगले झाले, पण तसे इतरही कुणी शिकवेल. हे सगळं लिहितेय ते पाचव्या रविवारसाठी.

त्या दिवशीचा विषय होता साथीच्या काळात केंद्र आणि राज्य. सर आधी प्रसंग घेतात, कलम मागून. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "2020 मध्ये ड्युटीवर कोण होतं?" मी हात वर केला. "कुठे?" "पळासनेरला, नाक्यावर."

त्या मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्यावर, मध्य प्रदेशच्या सीमेजवळच्या या नाक्यावर, माझ्या हातात थर्मल गन आणि नोंदवही होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा संसार भरून उत्तर प्रदेशाकडे निघाल्या होत्या. ट्रकमध्ये उभी असलेली माणसं होती, पायी आलेली होती. एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन निंबाच्या सावलीत बसली होती. तिने मला तीनदा विचारलं, "दीदी, आगे जाने देंगे?" मला उत्तर देता आलं नाही. तिचं तापमान मी दोनदा घेतलं. ताप नाही, एवढंच मला लिहिता येत होतं.

हे सांगून झालं तेव्हा वर्ग गप्प होता. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचे, राज्यांचे आणि दोघांचे मिळून असलेले विषय संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूच्यांत वाटले आहेत; सरांनी फळ्यावर त्यांचे तीन रकाने आखले. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये, दवाखाने : राज्य सूची, नोंद 6. पोलीस : राज्य सूची, नोंद 2. आंतरराज्यीय स्थलांतर आणि आंतरराज्यीय क्वारंटाईन : संघ सूची, नोंद 81. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं : समवर्ती सूची, नोंद 29. मग म्हणाले, "ती बाई निंबाखाली बसली होती तेव्हा या चारही नोंदी तिच्या डोक्यावर होत्या."

त्यानंतर त्यांनी केंद्रीय गृह मंत्रालयाचा 29 एप्रिल 2020 चा आदेश वाचून दाखवला. अडकलेल्या लोकांना रस्त्याने न्यायचं तर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या राज्यांनी आपसांत ठरवावं, निघण्याआधी तपासणी व्हावी, लक्षणं नसतील त्यांनाच जाऊ द्यावं. ती तपासणी मीच करत होते! माझ्या वहीतली ओळ कोणत्या आदेशातून आली होती, हे मला इतक्या वर्षांनी त्या बाकावर कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्या बाईला निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, की दोन्ही राज्यांचं ठरायचं आहे, थांबा.

कायद्यांचा भागही सरांनी घाई न करता घेतला. 1896 च्या मुंबईतल्या प्लेगमुळे 1897 चा साथरोग कायदा आला. मुळात चार कलमांचा, आणि नियम करायचा मुख्य अधिकार राज्याकडे. महाराष्ट्राने मार्च 2020 मध्ये तोच लागू केला. देशभरची टाळेबंदी मात्र 24 मार्चला 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आली. आणि 'आपत्ती व्यवस्थापन' हा विषय सातव्या अनुसूचीच्या तिन्ही सूच्यांत कुठेच नाही. हे मी दोन पुस्तकांत वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लसीचा तास माझ्यासाठी जड गेला. 1 मे 2021 पासून उत्पादनातली निम्मी लस केंद्राची, उरलेली राज्यं आणि खासगी रुग्णालयं यांची. केंद्राला कोविशिल्डचा डोस 150 रुपयांना, राज्याला 300, खासगीला 600. आमच्याकडे दहा डोसांच्या कुप्या सारख्याच दिसायच्या, पण पंचेचाळिशीच्या वरच्यांचा साठा वेगळा, अठरा ते चव्वेचाळीसचा वेगळा. मे महिन्यातच राज्याने तरुणांचं लसीकरण थांबवलं आणि डोस दुसऱ्या मात्रेसाठी वळवले. रांगेतली पोरं विचारायची, "ताई, आज बी नही का?" सर्वोच्च न्यायालयाने 31 मे च्या आदेशात तरुणांकडून पैसे घेण्याचं धोरण सकृतदर्शनी मनमानी ठरवलं, आणि 21 जूनपासून केंद्र 75 टक्के लस घेऊन राज्यांना मोफत देऊ लागलं. सरांनी हा क्रम तारखांसकट मांडला, कुणाची बाजू घेतली नाही, कुणावर चिखलही उडवला नाही.

परदेशाचा भाग थोडक्यात झाला, तेवढा पुरे. त्यातलं वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं उदाहरण लक्षात राहिलं. त्या राज्याने स्वतःची सीमा बंद केली, उद्योगपती क्लाइव्ह पामर न्यायालयात गेले, आणि 2020 च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) राज्याची बाजू उचलून धरली. पळासनेर पाहिलेल्या माणसाला हे ऐकताना वेगळंच वाटतं.

आता तक्रार. पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीला आठव्या रविवारी जेमतेम वीस मिनिटं मिळाली. अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत तेविसावा विषय आरोग्य आणि स्वच्छता आहे, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रंही येतात. 2005 च्या कायद्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आहेत. हे सगळं एका दमात वाचून सर पुढे गेले. नंदुरबार शेजारी असूनही त्याचा उल्लेख नाही! तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरल्यावरही जिल्ह्यात ऑक्सिजन प्रकल्प उभे करणं थांबवलं नाही, म्हणून दुसऱ्या लाटेत तिथे हवेतून तयार झालेला ऑक्सिजन खाटांपर्यंत पोहोचला. जिल्ह्याच्या पातळीवर काय करता येतं हे दाखवायला खानदेशात याहून जवळचं उदाहरण नाही. आणि गावात घरोघर फिरलेल्या आशाताई कोणत्या रकान्यात बसतात, हे मला हवं होतं. तेच राहिलं.

शेवटच्या रविवारी मी हे सरांना तोंडावर सांगितलं. त्यांनी वही काढून लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमची नाक्यावरची नोंदवही अजून आहे का?" ती आरोग्य केंद्रात जमा झाली, पण मी रोज रात्री घरी लिहायचे ती छोटी डायरी आहे. पुढच्या तुकडीत पंचायतींना पूर्ण रविवार देणार आहेत आणि त्या दिवशी मला डायरी घेऊन बोलावलं आहे. रजेचा अर्ज मी देऊन ठेवला आहे.