सीए इंटर ऑडिट: माझे साडेआठ हजार, ३१ मार्क आणि फुकटचं मॉड्युल

सीए इंटर म्हणजे सीएची मधली परीक्षा, तिच्या ऑडिट पेपरचा रेकॉर्डेड क्लास घेतला होता, साडेआठ हजार भरून. नाव नाही सांगत, कारण मित्रांचे क्लास बघितले तर सगळीकडे साधारण तोच प्रकार, अॅप, नऊ महिन्यांची व्हॅलिडिटी आणि कुरियरने येणाऱ्या रंगीत नोट्स. सर बोलायला एक नंबर. पहिलं लेक्चर संपलं तेव्हा वाटलं ग्रुप टू मधला सगळ्यात सोपा पेपर हाच. मे २०२५ ला ऑडिटला ३१ आले. कॉस्टिंगला ५२! ज्याला घाबरून रात्री जागवल्या तो निघाला आणि ज्याला थिअरी थिअरी म्हणून हसलो त्यानेच उडवलं.

आता क्लास वाईट होता का, तर तसं नाही. पण १२० तासांच्या लेक्चरमध्ये किस्से आणि मोटिव्हेशन भरपूर, आणि प्रत्येक एसएला (स्टँडर्ड्स ऑन ऑडिटिंग, म्हणजे ऑडिट कसं करायचं त्याचे नंबर दिलेले नियम) एक शॉर्ट फॉर्म, मग तो शॉर्ट फॉर्म लक्षात राहावा म्हणून अजून एक गोष्ट. मला गोष्टी आठवायच्या, एसए नाही. पेपरमध्ये कोणी शॉर्ट फॉर्म विचारत नाही, अमुक कंपनीत असं असं झालं, ऑडिटरने काय करावं, असं विचारतात. आणि १०० पैकी ३० मार्कांचे एमसीक्यू, त्यातही केस देतात. सोबत टेस्ट सिरीज फ्री होती, त्यात सहाच्या सहा उत्तरांखाली एकच शेरा, 'इम्प्रूव्ह प्रेझेंटेशन'. अरे पण काय इम्प्रूव्ह करू ते तर सांग.

दुसऱ्या वेळी हातात दोनच महिने होते म्हणून नाइलाजाने आयसीएआयचं, म्हणजे सीएच्या संस्थेचं स्वतःचं पुस्तक, मॉड्युल उघडलं, जे रजिस्ट्रेशन केल्यापासून कपाटात पडून होतं (पीडीएफ बीओएस पोर्टलवर, म्हणजे आयसीएआयच्याच अभ्यासाच्या साइटवर, फुकट आहे). जाड आहे, आदल्या रात्री वाचायची वस्तू नाही. पण प्रत्येक चॅप्टरमागे जे प्रश्न आहेत ना, खरा माल तिथे आहे. मी आधी प्रश्न वाचायचो, स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहायचो, मग उत्तर बघायचो. पहिले आठ दिवस फार लाज वाटली, कारण मुद्दा माहीत असायचा पण वाक्य व्हायचं नाही.

आणि एक गोष्ट क्लासमध्ये कोणी बोललंच नाही. नवीन स्कीममध्ये आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग) इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्यावर, म्हणजे ज्या पोराने आयुष्यात एक व्हाउचर हातात घेतलेलं नाही त्याला ऑडिटर म्हणून उत्तर लिहायचंय. मग मी सगळं बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात नेऊन बसवलं. एसए ५०१ म्हणजे वर्षअखेरीला माल मोजताना ऑडिटर तिथे उभा. एसए ५०५ म्हणजे उधारीच्या वहीवर विश्वास न ठेवता थेट गिऱ्हाइकाला विचारणं, आणि त्याचं उत्तर बाबांच्या हातून नाही, सरळ ऑडिटरकडे यायला हवं. हे का, ते सत्यम या आयटी कंपनीमुळे कळतं, ७ जानेवारी २००९ ला तिच्या चेअरमनने, रामलिंग राजूने, पत्रात कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीतले ५,०४० कोटी नव्हतेच. एसए ५६० म्हणजे वर्ष संपल्यानंतरच्या घटना, ते पण तसंच, ३१ मार्चनंतर गोदामाला आग लागली तर वर्षाचे आकडे बदलत नाहीत, पण आधीच डबघाईला आलेला उधारीवाला एप्रिलमध्ये बुडाला तर बदलतात.

एसए ७०५ ला, म्हणजे हिशोब ठीक नसतील तर ऑडिटरने रिपोर्टमध्ये कोणतं मत द्यायचं त्याला, मी दोन्ही अटेम्प्टमध्ये घोळ घातला. पुरावा मिळाला, आकडे चुकलेत आणि ती चूक सगळीकडे पसरलीये तर अॅडव्हर्स. पुरावाच मिळाला नाही आणि त्याचा परिणाम सगळीकडे पसरू शकतो तर डिस्क्लेमर. पसरलेलं नाही पण मटेरियल आहे, म्हणजे दुर्लक्ष करण्याएवढं लहान नाही, तर दोन्हीकडे क्वालिफाइड. एवढंच आहे, पण पेपरमध्ये केस वाचताना हात थरथरतो. बाकी काही गोष्टींना समजणं वगैरे नसतं, घोकायच्याच, जसं की रिपोर्टच्या तारखेपासून ६० दिवसांत ऑडिटची फाइल लावून पूर्ण करायची आणि ७ वर्षं जपायची. शेवटच्या १५ दिवसांत फक्त आयसीएआयचे आरटीपी (रिव्हिजनचे पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) आणि एमसीक्यू. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी पहिल्या वेळी तीन कोरे सोडून आलो होतो, बावळट.

सप्टेंबरला ५७. साठचं एक्झम्प्शन (ग्रुप अडकला तरी तो पेपर परत द्यावा लागत नाही) तीन मार्कांनी हुकलं, पण ग्रुप निघाला.

तर क्लासला पाचपैकी अडीच. त्यातला दीड बँक ऑडिटच्या चॅप्टरसाठी, तो खरंच छान शिकवलाय, एनपीए (बँकेचं थकलेलं कर्ज) माझ्या डोक्यात तिथेच बसला. मराठी मीडियममधून आलेल्यांना मॉड्युलचं इंग्रजी सुरुवातीला जड जाईल, पेपर तर इंग्रजी नाहीतर हिंदीतच लिहायचा असतो, त्यांनी क्लास घेतला तर मी हसणार नाही. फक्त पैसे भरायच्या आधी डेमो म्हणून पहिलं लेक्चर बघू नका, पहिलं सगळ्यांचंच भारी असतं. ७०५ चं मागा, आणि देत नसतील तर राहू द्या.