अल्ट्रारेस्ट एचडीएक्स: दोरीची लांबी जमली तरच पैसे वसूल

क्यूएडी या अमेरिकी कंपनीचा अल्ट्रारेस्ट एचडीएक्स हा ड्रॉप-अवे रेस्ट, म्हणजे बाण सुटताच खाली पडणारा बाणाचा आधार, मी गेल्या वर्षाच्या मे महिन्यापासून माझ्या कंपाउंड धनुष्यावर (टोकांना चाके असलेल्या, ओढायला ५० पाउंड जोर लागणाऱ्या) वापरत आहे. सराव डिचोलीला घरामागच्या काजूच्या बागेत, आठवड्यातून चार संध्याकाळी, असा चालतो. एक संपूर्ण पावसाळा रेस्टवरून गेल्यावरच त्याविषयी लिहावे, असे ठरवले होते, कारण कोरड्या हवेतील कौतुक आमच्या गोव्यात फारसे कामाचे नसते.

याआधी माझ्याकडे केसांच्या कड्याचा रेस्ट होता. तो बाणाला सगळीकडून धरून ठेवतो आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते, परंतु प्रत्येक बाणाची पिसे, म्हणजे प्लास्टिकच्या वेन, त्या केसांतून घासूनच बाहेर पडतात. ड्रॉप-अवे रेस्टची कल्पना नेमकी येथूनच सुरू होते. धनुष्य ओढताना बाण पेलणारा लाँचर वर उभा असतो. बाण सुटला की प्रत्यंचेच्या सुरुवातीच्या प्रवासात तो बाणाला आधार देतो आणि वेन तेथे पोहोचण्यापूर्वीच खाली कोसळतो. हे काम एक बारीक दोरी करते. काही रेस्टमध्ये ती लिंबला, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला, बांधतात. माझ्या रेस्टची दोरी केबलला (प्रत्यंचेखेरीज चाकांना जोडणाऱ्या दोरीला), आणि तीही ओढताना खाली सरकणाऱ्या केबललाच, बांधावी लागते.

एचडीएक्सचे वेगळेपण असे की लाँचर अंगठ्याने आधीच उभा करून ठेवता येतो आणि वरची दांडी बाणाला निसटू देत नाही. ओढलेले धनुष्य बाण न सोडता सावकाश परत आणले, तरी लाँचर उभाच राहतो; तो पडतो फक्त बाण सुटल्यावर, आणि पडल्यावर तेथेच अडकतो, उसळून पुन्हा वर येत नाही. झाडावर माकडांची टोळी उतरली की मला अनेकदा अर्ध्यातून धनुष्य परत आणावे लागते, त्यामुळे या एका गुणाची किंमत मला चांगलीच कळली आहे.

आता बसवण्याविषयी, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. रेस्ट रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागाला, जोडण्याचे काम पाच मिनिटांचे आहे: रायझरमधील बर्गर छिद्रात (रेस्टसाठीच ठेवलेल्या छिद्रात) एकच बोल्ट. बाण त्या छिद्राच्या मध्यावरून जाईल इतकी उंची ठेवावी आणि रायझरच्या आतील बाजूपासून बाणाच्या मध्यापर्यंतचे अंतर सुरुवातीला १३/१६ इंच, म्हणजे सुमारे २१ मिलिमीटर, धरावे. बहुतेक कंपाउंड धनुष्यांना हे माप सुरुवातीला चालते. बाण प्रत्यंचेशी काटकोनात आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी धनुष्य सुताराच्या शिकंजात, गोणपाट गुंडाळून, उभे धरले आणि दोन छोट्या पाणसळी वापरल्या.

खरी परीक्षा दोरीची. मी ती केबलच्या पदरांतून ओवली नाही, कारण त्यासाठी बो-प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून केबल सैल करणारे यंत्र, लागतो आणि तो माझ्या आवाक्यात नव्हता. सर्व्हिंगच्या, म्हणजे प्रत्यंचेवर गुंडाळायच्या बारीक दोऱ्याने बाहेरून घट्ट बांधली. कोणती केबल खाली सरकते, हे अंदाजाने ठरवू नये. मी बाण लावून, लक्ष्यासमोरच, धनुष्य सावकाश ओढले आणि भाच्याला बाजूने पाहायला सांगितले. हे पाहण्यापूर्वी परगावच्या एका दुकानदाराने फोनवरून मला दुसऱ्याच केबलला दोरी बांधायला सांगितले होते. मी त्याप्रमाणे बांधलीही, आणि पूर्ण एक संध्याकाळ वाया घालवली.

दोरी योग्य केबलला आल्यावरही पहिल्या वीस बाणांत लाँचर पडलाच नाही. मी ती सैल ठेवली होती. पूर्ण ओढल्यावरही ताण पुरेसा येत नव्हता, म्हणून आतील यंत्रणा सुटण्याच्या तयारीत येत नव्हती आणि दोन बाणांच्या वेन खरवडल्या गेल्या. मग मी अतिउत्साहाने ती फार आखूड केली. त्याने लाँचर झटक्यात पडू लागला, पण ओढण्याच्या शेवटी जी टणक भिंत जाणवायला हवी, ती मऊ झाली, कारण दोरीच केबलला रोखू लागली होती. या दोन चुकांच्या मधली लांबी सापडायला दोन दिवस लागले. नंतर असे लक्षात आले की पाच मिलिमीटरचा फरकही पुष्कळ असतो, म्हणून गाठ एकदम आवळण्याऐवजी प्रत्येक वेळी थोडीशी सरकवून चार बाण सोडावेत.

वेन खरोखरच मोकळ्या जातात का, हे तपासण्यासाठी पावडर फवारण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. दमट हवेत पावडरचे गोळे होतात, म्हणून मी लाँचरच्या कडांना काजळ लावले आणि पांढऱ्या वेन असलेले बाण सोडले. एका वेनवर बारीक काळी रेघ आली, दोरी किंचित घट्ट केल्यावर ती गेली. लिपस्टिकनेही हे काम होते, पण काजळ पुसायला सोपे.

त्यानंतर कागदाची चाचणी. चौकटीवर वर्तमानपत्र ताणून बांधावे आणि सुमारे दोन मीटरवरून बाण त्यातून सोडावा. टोक आणि वेन यांचे छिद्र एकच गोल पडले तर बाण सरळ गेला. शेपूट, म्हणजे वेनकडची बाजू, वर फाटली, तर रेस्ट थोडा वर घ्यावा किंवा नॉकची (बाणाच्या मागच्या खाचेची) प्रत्यंचेवरील जागा खाली आणावी. आडवी फाट अधिक फसवी असते, कारण ती रेस्टच्या जागेने पडते तशीच मुठीच्या पिळानेही पडते आणि बाणाची कडकता चुकल्यानेही पडते. म्हणून मूठ सैल धरून दहा बाण सोडल्याशिवाय मी रेस्टला हात लावला नाही. एक किरकोळ पण उपयोगी गोष्ट: जुलैत वर्तमानपत्र इतके ओले होते की छिद्राऐवजी लांब चिंधी निघते आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. मी कागद इस्त्री करून वापरला.

या मॉडेलमध्ये बारीक स्क्रूने सरकवण्याची सोय नाही. बोल्ट सैल करून रेस्ट हाताने सरकवावा लागतो आणि कोरलेल्या रेषा पाहून जागा राखावी लागते. ज्यांना सतत बदल करायची सवय आहे, त्यांना हे त्रासदायक वाटेल. एकदा बसवून विसरणाऱ्याला फरक पडणार नाही.

पावसाळ्याचा परिणाम मुख्यतः लाँचरवरील फेल्टवर, म्हणजे नमद्याच्या पट्टीवर, झाला. तो ओलसर राहिला की बाण ओढताना बारीक आवाज येतो, म्हणून सराव संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून धनुष्य उघडे ठेवावे लागते. स्क्रूंना मी शिवणयंत्राचे तेल लावते, एक थेंब, फेल्टपासून दूर. दोरीचा सर्व्हिंग-दोरा ऑगस्टमध्ये एकदा सैल झाला होता, तो मी पुन्हा बांधला.

स्पर्धेच्या तयारीत असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांत कंपाउंड प्रकारात असा रेस्ट चालतो, तरी ५० मीटरवर ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यावर नेम धरणारे अनेक खेळाडू साधा पातळ पट्टीचा रेस्टच पसंत करतात, कारण त्यात हलणारे काहीच नसते. ज्यांना धनुष्य हातात घेऊन चालायचे, वळायचे, मध्येच थांबायचे आहे, त्यांनी मात्र हा घ्यावा. मागवताना उजव्या हाताचा की डाव्या हाताचा, हे पुन्हा एकदा वाचून मगच पैसे भरावेत, आणि दोरीचा एक जादा तुकडा सोबत मागवावा. माझ्या केबलवर दोरीच्या गाठीच्या अगदी वर पांढऱ्या दोऱ्याचा एक वेढा घातलेला आहे. गाठ खाली सरकली, तर पहिला बाण लावण्यापूर्वीच ते दिसते.