फिटनेस बँड, कमी चालण्यासाठी घेतलेला

तीनेक हजारांतला साधा बँड आहे, ब्रँड लिहीत नाही कारण या रेंजमधले सगळे थोड्याफार फरकाने असेच. लोक दहा हजार पावलं पूर्ण करायला घेतात, मी पावलं आवरायला घेतलाय. मला एमई-सीएफएस आहे, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, जुनाट थकव्याचा आजार, आणि आमच्या डॉक्टरांच्या मते मला काहीच नाहीये. सीबीसी, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह सगळं नॉर्मल, मग "मन रमवा, सकाळी भराभर चालायला जा". नेमकं तेच नडतं हो. जास्त दगदग झाली की त्या दिवशी निभावून जातं, पण एक-दोन दिवसांनी अंग असं पडतं की केस विंचरायला हात वर होत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 च्या गाइडलाइनमध्ये, ठरवून व्यायाम वाढवत न्यायची ट्रीटमेंट यात देऊच नका असं म्हटलंय, तो कागद पुढे केला तर "नेटवर वाचत बसू नका".

तर बँडचा उपयोग असा, की दगदग वेळीच थांबावी म्हणून हार्ट रेट एका मर्यादेच्या वर जाऊ द्यायचा नाही. बरेच पेशंट 220 वजा वय, त्याचे साठ टक्के असा हिशोब धरतात, माझं वय 38 म्हणजे 109. हा काही पक्का नियम नाही, अंदाज आहे, पण सुरुवातीला पुरतो. अंघोळ करताना, जिना चढताना, गादीची चादर बदलताना किती पटकन 120-130 होतो ते बघून मीच चाट पडले. आता स्टूलवर बसून अंघोळ, पोळ्याही बसूनच.

वैताग इथे सुरू होतो. हार्ट रेट वाढला की अलर्ट देतो असं बॉक्सवर लिहिलंय, पण तो फक्त तुम्ही स्वस्थ बसलेले असताना, हालचाल चालू असेल तर तो धरून चालतो की तुम्ही व्यायाम करताय. मग मी वर्कआउट मोड लावते, त्यात 109 ची लिमिट टाकते आणि कणीक मळायला घेते. मनगट थरथरलं की हात धुवून आडवं व्हायचं. बॅटरी मात्र धडाधड उतरते, आणि पट्टा जरा सैल झाला तर आकडा काहीच्या काही येतो. पोळ्या लाटल्या की पावलंही मोजतो, ते एक सोडून द्या. "उठा, थोडं चाला" हा रिमाइंडर पहिल्या दिवशीच बंद करा, घरात तेवढं म्हणणारे आधीच भरपूर असतात.

सगळ्यात डेंजर म्हणजे स्ट्रेस स्कोअर. हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्यावरून काढतात, म्हणजे शरीरावर किती ताण पडलाय त्याचा अंदाज, तुम्ही कशाची काळजी करताय ते त्याला काय कळणार? पण आमच्या नणंदबाईंनी 82 आकडा बघितला आणि "बघ, मशीनपण म्हणतंय टेन्शन आहे". घ्या! तशी आजार मनाचा ठरवायची ही जुनीच तऱ्हा आहे, 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळजवळ तीनशे स्टाफ अशाच कसल्याशा आजाराने पडला आणि 1970 मध्ये दोन मानसोपचारवाल्यांनी पेशंटना न भेटता, जुने केसपेपर वाचून तो हिस्टेरिया ठरवला, एक कारण काय तर आजारी पडलेल्यांत बायका जास्त. तिथे तर आजारी पडलेल्यांत डॉक्टर आणि नर्सही होत्या.

डॉक्टरांना ग्राफ दाखवून ते ऐकतील या आशेने घेणार असाल तर पैसे वाचवा, आमच्यांनी "घड्याळ काढून ठेवा, बरं वाटेल" असंच सांगितलं. घरात मात्र फरक पडला. नवऱ्याला माझं "दमले" कळायचं नाही, 131 कळतो, मनगट वाजलं की तो स्वतःहून गॅसपाशी येतो.

पाचपैकी साडेतीन. घेताना वर्कआउट मोडमध्ये स्वतःची लिमिट टाकता येते का तेवढं दुकानातच लावून बघा, आणि स्ट्रेसचं पान लपवून ठेवा.