एल्मिनाची टेकडी की आपामचा किल्ला?

घानाच्या किनाऱ्यावर किल्ल्यांना तोटा नाही, तोटा असतो वेळेचा. एल्मिनाचा समुद्रालगतचा सेंट जॉर्ज किल्ला बघायचाच, त्यात वाद नाही. १४८२ मध्ये पोर्तुगिजांनी तो उभारला. पुढे तिथे गुलाम कोंडले जात, त्या अंधाऱ्या कोठड्यांत उतरल्याशिवाय या किनाऱ्यावर येऊन उपयोग नाही. प्रश्न उरतो तो नंतरच्या अर्ध्या दिवसाचा: समोरच्या टेकडीवरचा सेंट जागो, की अक्राच्या वाटेवरचा आपाम?

गडकोटांची आवड असेल तर मी डोळे झाकून सेंट जागो सांगेन. दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि मग पुरंदराला कसं भाजून काढलं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला इथे वाटाड्या लागणार नाही. १६२५ मध्ये डचांनी एल्मिनावर मार खाल्ला. १६३७ मध्ये मात्र त्यांनी तोफा या टेकडीवर चढवल्या आणि पोर्तुगिजांना किल्ला सोडावा लागला. आपल्यावर तीच पाळी येऊ नये म्हणून डचांनी लगेच टेकडीवर मातीची तटबंदी घातली आणि १६६० च्या दशकात दगडी कोनराड्सबर्ग, म्हणजेच हा सेंट जागो, बांधला. त्यात व्यापाराची कोठारं नाहीत. काम एकच, खालचा किल्ला राखणं. तटावरून बेन्या खाडीतल्या रंगीत मच्छीमार होड्या दिसतात. पण नजर किल्ल्याशेजारच्या मोकळ्या जागेवरही टाका. तिथे जुनं एल्मिना गाव होतं. १८७३ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून ते उद्ध्वस्त केलं. माहितीफलकांपेक्षा ती जागा जास्त बोलते. चढ मात्र किरकोळ, ‘गड चढलो’ म्हणायला लाज वाटावी इतका.

आपामचा किल्ला छोटा. डचांनी १६९७ मध्ये काम काढलं, गावकऱ्यांनी ते रखडवलं आणि पुरं व्हायला १७०२ उजाडलं. वैतागलेल्या डचांनी त्याचं नावच ‘धीर’ ठेवलं! लढाईची मोठी कहाणी इथे नाही. १७८२ मध्ये इंग्रजांनी घेतला, तीन वर्षांनी परत दिला, एवढंच. पायथ्याशी मासेमारीचं गाव आणि समोर समुद्र.

त्यामुळे एल्मिनात मुक्काम असेल तर सेंट जागो, आणि तोही सेंट जॉर्ज बघून झाल्यावर. दिवसात अक्राला परतायचं असेल तर आपाम वाटेवरच पडतं. हमरस्त्यावर अंकामूच्या फाट्याला उतरा, तिथून आत गावात जायचं. घाईत दोन्ही उरकायचं असेल, तर आपाम खुशाल सोडा.