नागपूर की कोल्हापूर? बदलीच्या फॉर्मवर पहिलं नाव कुठलं लिहावं

कोल्हापूरहून दुपारी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलात, की दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नागपूर येतं. गाडी तिथेही संपत नाही, पुढे गोंदियाला जाते. एवढ्या प्रवासात राज्याची हद्द एकदाही ओलांडायची नाही, तरी उतरल्यावर भाजी घ्यायला गेलात तर निम्मे शब्द नव्याने शिकावे लागतात.

आमच्या बँकेतल्या एका धाकट्या सहकाऱ्यापुढे सध्या हेच दोन पर्याय आहेत. तो मूळचा साताऱ्याचा, बायको इंदूरची, मुलगी पहिलीत. मी २०११ ते २०१७ नागपुरात आणि पुढे २०२२ पर्यंत कोल्हापुरात होतो, म्हणून त्याने मला फोन केला. तासभर बोलूनही निम्मं राहिलंच. ते इथे लिहितो. आम्ही नाशिकचे, त्यामुळे दोन्हीकडे उपरेच. तेवढ्यापुरता तरी मी निःपक्षपाती आहे.

आधी शेजार, कारण बाकीचं गूगल मॅपवर दिसतं

कोल्हापुरात आम्ही मंगळवार पेठेत भाड्याने घर घेतलं. टेम्पो आला तशी गल्लीतली तीन पोरं न बोलावता पुढे झाली, फ्रिज अरुंद जिन्यावरून वर चढवला आणि मी पाकीट काढल्यावर चक्क रागावली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पानवाल्याने विचारलं, "तुमी कुणाचं?" मी बँकेचं नाव सांगितलं. तो हसला. त्याला विचारायचं होतं, पाटाकडीलचे की शिवाजीचे.

हा फुटबॉलचा प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नुसती संघांची नावं नाहीत, ते पत्ते आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्लीतला निम्मा बापईमाणूस दुपारपासून गायब असतो. २०१८च्या विश्वचषकात तर आमच्या चौकात ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात उभा दावा होता. माझ्या घरमालकांना दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर ब्राझील दाखवता आला असता की नाही शंका आहे, पण नेमारच्या पायाच्या दुखापतीची बातमी त्यांना माझ्याआधी कळायची.

तालमीही तशाच. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, हे पाठ्यपुस्तकात असतं. पाठ्यपुस्तकात नसतं ते असं, की आज तालीम म्हणजे फक्त लाल माती नाही. गणपती, रक्तदान, भांडणाची मिटवामिटवी, एखाद्याच्या घरी मयत झाली तर सगळी धावपळ, हे तालमीकडेच असतं. आमच्या सासऱ्यांना पहाटे तीन वाजता दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा मी ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधत होतो तोवर खाली गाडी चालू झालेली होती.

याची किंमत आहे. रात्री साडेअकराला घरी आलात तर सकाळी दूधवाला विचारतो, "काल उशीर झाला व्हय?" वर्गणी नाही म्हणायची सोय नाही. मिरवणुकीच्या रात्री खिडक्यांच्या काचा थरथरतात. ज्याला आपलं दार लावून निवांत बसायचं आहे, त्याने पेठेत राहू नये. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीकडे घर बघावं. तिथे शांतता मिळते, पण मग कोल्हापूर मिळालं असं म्हणता येत नाही.

नागपुरात आम्ही प्रतापनगरच्या बाजूला एका लेआउटमध्ये राहत होतो. "लेआउट" हा शब्द नागपुरात वस्तीच्या नावातच असतो. मोकळ्या प्लॉटवर उभी घरं, पुढे कंपाउंड, एखादं पेरूचं नाहीतर सीताफळाचं झाड, खाली मालक आणि वर भाडेकरू. पहिला महिनाभर कुणी काही विचारलं नाही. गेटशी दिसलं की मान हलवायची, संपलं. मला वाटलं माणसं कोरडी आहेत. मग एका रविवारी खालच्या काकूंनी ताटलीत गरम सांबारवडी पाठवली. मी बायकोला म्हटलं, यात सांबार कुठेय? तेव्हा कळलं की विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यानंतर जे सुरू झालं ते सहा वर्षं थांबलं नाही. नागपूरकर घाई करत नाही, पण एकदा "या ना, बसा" म्हणाला की तुमचा दीड तास गेला. तिथे गप्पा घरात, अंगणात होतात. कोल्हापुरात त्याच गप्पा कट्ट्यावर, उभ्याउभ्या.

बोलणं

इंदूरच्या बायकोसाठी हा भाग महत्त्वाचा. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. ती हिंदी अजून अंगात आहे. रिक्षावाला, भाजीवाली, बँकेतला गिऱ्हाईक, कुणाशीही हिंदीत सुरू करा, अडत नाही. नागपुरी मराठीसुद्धा हिंदीच्या मांडीवर वाढलेली: "काय करून राहिला बे?", "मी येऊन राहिलो". बटाट्याला आलू. पहिल्या आठवड्यात ती रमेल.

कोल्हापुरात तिला मराठी शिकावीच लागेल, आणि शिकेल ती पुस्तकी नसेल. आमची लेक तिसरीत होती. महिन्याभरात ती दारातून ओरडली, "आई, मी आलो!" बायको दचकली. पण कोल्हापुरातल्या मुली, बायका सर्रास "मी जातो", "मी आलो" असंच म्हणतात, त्यात काही वावगं नाही. अरे-तुरेवर यायलाही वेळ लागत नाही. हे उद्धटपण समजू नका. उलट कुणी फारच "अहो-जाहो" करत असेल तर काहीतरी बिनसलंय असं समजा.

ऊन आणि पाणी

इथे खरा निर्णय होतो.

नागपुरात मार्च संपला की कूलर उतरवतात. गेल्या वर्षीच्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, पंप चालतो का बघायचं, खिडकीबाहेर स्टँड घट्ट करायचा. एप्रिलमध्ये पारा ४० ओलांडतो, मे महिन्यात ४५च्या आसपास जातो आणि नवतपाचे नऊ दिवस लोक बोटांवर मोजतात. दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रंही नसतं. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, घरात कैरीचं पन्हं. शाळासुद्धा विदर्भात उर्वरित राज्यापेक्षा आठ-दहा दिवस उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. कूलरचा आवाज इतका अंगवळणी पडतो, की वीज गेली की शांततेनेच जाग येते. एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो: टाकीत पाणी भरताना कूलरचा प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं जातात.

पण सूर्य बुडाला की हेच शहर जिवंत होतं. अंगणात पाण्याचा सडा, फुटाळा तलावाच्या काठावर गर्दी, रात्री दहानंतर आइस्क्रीम. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी जी थंडी पडते ती कोल्हापूरकराने स्वप्नातही बघितलेली नसते. नागपुरात हिवाळ्यात साडेपाचलाच सूर्य मावळतो, कोल्हापुरात त्या वेळी अजून क्रिकेट चालू असतं.

कोल्हापूरचा उन्हाळा त्यामानाने सुसह्य. संध्याकाळी वळीव येतो, मातीचा वास सुटतो, झालं. तिथली परीक्षा जुलैत असते. राधानगरीकडे पाऊस लागला, की अख्खं गाव फुटांत बोलायला लागतं. "किती झालं?" "छत्तीस." राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्कसारख्या चांगल्या वस्त्यांत शिरलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद, पेट्रोल नाही. उपसा केंद्रं पाण्यात गेल्याने बाहेर पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. आमची गल्ली उंचावर होती. चार दिवस आमच्या घरात अकरा माणसं जेवत होती, त्यातली सात मी आधी कधी पाहिलेली नव्हती. २०२१ला पुन्हा तेच.

नागपूरला पूर येत नाही, असं मी छातीठोक सांगायचो. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि मध्यरात्री खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं, त्यानंतर सांगणं बंद केलं.

ताटातलं

मांसाहारी माणसाचा प्रश्नच नाही, दोन्हीकडे तो तरतो. नागपुरात सावजी, काळा मसाला, घाम काढणारा. कोल्हापुरात तांबडा-पांढरा आणि रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग. खुद्द कोल्हापुरी घरचं जेवण लोक समजतात तितकं तिखट नसतं, सावजी मात्र असतं. सकाळी नागपूरला तर्री पोहा, कोल्हापूरला मिसळ. इथे मी उघड पक्ष घेतो: मिसळ.

शब्दांत फसू नका. कोल्हापुरात "चटणी द्या" म्हटलंत तर वाटलेली चटणी येणार नाही, कांदा-लसणाचा लाल मसाला येईल. उन्हाळ्यात तो वर्षभराचा करून ठेवायचा असतो. मिरच्या भाजल्याचा ठसका गल्लीभर, आणि डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, नंबर लावून बायका बसलेल्या. आमच्या शेजारच्या वहिनींनी माझ्या बायकोला पहिल्या वर्षी स्वतःच्या नंबरात घुसवलं. ती मैत्री अजून आहे.

आणि दूध. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या असतात. गवळी थेट ग्लासात धार काढतो, वर बोटभर फेस, ग्लास कोमट. तिथेच उभं राहून प्यायचं आणि मिशी पुसत घरी जायचं. मला पहिल्यांदा कसंसंच झालं. नंतर आठवड्यातून दोनदा.

पोरांचं, घराचं, येण्याजाण्याचं

पहिलीतल्या मुलीसाठी नागपूरचा तान्हा पोळा एकट्यानेच तराजू झुकवू शकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. त्याच दिवशी जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत त्या त्या वर्षी लोकांच्या डोक्यात बसलेल्या पुढाऱ्यांचे, भाववाढीचे बडगे, म्हणजे तसलेच पुतळे. "घेऊन जा गे मारबत" असं ओरडताना मी शाखाधिकारी आहे हे विसरायचो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. आसपासच्या वस्त्या त्यांच्यासाठी पाणी, जेवण मांडतात. एकदा तिथे वाढायला उभं राहून बघावं.

घर त्याच पैशात नागपुरात मोठं मिळतं. पण पुढे विकत घ्यायचा विचार असेल तर प्लॉटचं नियमितीकरण, नागपूर सुधार प्रन्यासचं त्याबद्दलचं पत्र (आरएल), हे वकिलाकडून बघून घ्यावं. कोल्हापुरात जागा गुंठ्यात बोलतात, नागपुरात चौरस फुटांत. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, हे डोक्यात ठेवा म्हणजे भाव ऐकून घाबरायला होणार नाही.

नागपूर पसरलेलं आहे. मी होतो तेव्हा मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते, आता खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर अशा दोन मार्गिका चालतात. विमानतळ, एम्स, मोठी रुग्णालयं याबाबतीत नागपूर पुढे, वाद नाही. कोल्हापुरात स्कूटरवर पंधरा मिनिटांत कुठेही पोचता येतं. घरी जेवायला येऊन परत ऑफिसला जाणारा बँकवाला मी फक्त कोल्हापुरात पाहिला, आणि पाच वर्षं तो मीच होतो.

तर फॉर्मवर काय लिहायचं?

साताऱ्यात आई एकटी असते, तिची तब्येत अधूनमधून बिघडते, हे त्याने फोन ठेवताना सांगितलं. मग माझ्या मते प्रश्न मिटला. कोल्हापूरहून सातारा दोन-अडीच तास. नागपूरहून निघालेला माणूस तोवर फार तर अमरावतीपर्यंत पोचतो. आईचा प्रश्न नसता तर बायकोच्या हिंदीसाठी आणि मुलीच्या बैलासाठी मी नागपूरच म्हटलं असतं. एकटा जाणार असता तरी नागपूरच म्हटलं असतं, कारण कोल्हापूर एकट्या माणसाला सुचेनासं करतं, रोज कुणीतरी जेवायला ओढून नेतं.

घर बघायला मात्र चुकीच्या ऋतूत जा. नागपूरचं घर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघायचं. आणि कोल्हापुरात एजंटला "पाणी येतं का" असं विचारू नका, तो नळाचं समजून हो म्हणेल. जिन्याखाली जा, भिंतीवर मातकट आडवी रेघ दिसते का बघा, आणि शेजारच्या आजींना विचारा, "एकोणीसला कुठवर आलतं?"