मोफत समीक्षेतून लग्नाचे फोटो पळवणारा ‘एडिटर’

लग्नाची कँडिड फोटोग्राफी, म्हणजे पोझ न देता सहज घडणारे क्षण टिपण्याचं काम, करणाऱ्यांनी, त्यातही एकट्याने काम करणाऱ्यांनी, हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. मला ज्याने गंडवलं त्याने हाच डाव इतरांवरही टाकलाय.

सुरुवात एका मेसेजने झाली. माझे काही फोटो पाहून त्याने स्वतःहून लिहिलं होतं : ‘क्षण अचूक पकडता तुम्ही, पण एडिटिंग त्यांना न्याय देत नाही. स्किन टोन केशरीकडे झुकलेत, सावल्या मेल्यात, पांढऱ्यात निळसर झाक आहे. राग मानू नका, तुमच्यात दम आहे म्हणून बोलतोय.’ पैशाचा विषयच नाही, नुसती समीक्षा. आपल्या कामावर कोणी वेळ काढून बोलावं याची भूक या क्षेत्रातल्या प्रत्येकाला असते, आणि ती त्याला पक्की ठाऊक होती.

बोलणं वाढलं. सध्या काय काम हातात आहे, ते कधी द्यायचंय, अशी आपुलकीने चौकशी झाली. मग त्याने माझ्या एका फोटोचा नमुना मोफत करून पाठवला, ‘आधी’ आणि ‘नंतर’ शेजारी शेजारी ठेवून. फरक डोळ्यांत भरणारा होता. शिवाय त्याने केलेल्या इतर लग्नांचे म्हणून काही सुरेख फोटो. पूर्ण लग्नाचं काम ठरलं, अर्धे पैसे आगाऊ गेले आणि सगळ्या रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्स, त्याच्याकडे पोचल्या.

परत जे आलं ते पाहून जीव तुटला. सरसकट एकच प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली एडिटिंगची सेटिंग. खिडकीच्या उजेडातले फोटो आणि पिवळ्या दिव्यांखालचे फोटो, सगळ्यांना तोच रंग. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन, पिवळ्या बल्बचा ३००० च्या आसपास. दोन्हींना एकच व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याची सेटिंग) लावला की एकीकडचे चेहरे बिघडणारच. पण रंग एक वेळ दुरुस्त करता येतात. खरा घात चेहऱ्यांचा झाला होता.

एका फोटोत वधूचे वडील गर्दीपासून जरा बाजूला उभे आहेत, चष्मा हातात, गालावर एक ओली रेघ. त्या रेघेवर दिव्याचा उजेड पडून ती चमकत होती, म्हणून तर ती दिसत होती. ती चमक डाग समजून साफ पुसली गेली. उरला फक्त चष्मा हातात धरलेला एक माणूस. दुसऱ्या फोटोत मैत्रिणी हसून हसून वाकल्यात, आणि एकीच्याही डोळ्यांच्या कोपऱ्यात सुरकुती नाही. मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायू आकसतो, नुसते ओठ फाकवून ते साधत नाही; फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी १८६२ मध्येच हे मांडलं होतं. त्या सुरकुत्या घासून काढल्या की खरं हसूही कॅमेऱ्यासाठी केल्यासारखं दिसतं. कँडिड फोटोतून तेवढंच काढून टाकलं, तर मागे राहतं काय?

मी हरकत घेतली, तसा त्याचा सूर बदलला. दुरुस्तीचे वेगळे पैसे. आणि पाठवलेले फोटो तर लहान आकाराचे होते, छापण्याजोग्या फाइल्स हव्या असतील तर उरलेल्या रकमेवर आणखी रक्कम. ‘तुमची तारीख जवळ आलीय ना?’ हेही त्यानेच लिहिलं. आपुलकीच्या चौकशीतून काढून घेतलेली तारीख अशी कामाला आली.

मी पैसे दिले नाहीत. माझ्याकडच्या मूळ फाइल्सवरून रात्री जागून सगळं लग्न पुन्हा एडिट केलं. ते करताना त्याचा नमुना माझ्या फाइलशेजारी उघडला आणि डाव उघडा पडला. माझ्या फोटोत मागचा दिवा पूर्ण पांढरा जळलेला आहे. त्याच्या ‘आधी’मध्ये तोच दिवा सपाट राखाडी. फोटो खरोखर अंधारा निघाला असता तरी दिवा चमकताच दिसला असता. जळालेला पांढरा भाग राखाडी होतो तो सॉफ्टवेअरमध्ये अख्खा फोटो काळवंडल्यावर. म्हणजे ‘आधी’ त्याने बिघडवलं होतं, आणि ‘नंतर’ म्हणून दाखवलेला फोटो जवळजवळ माझाच होता.

पुढे एका फोटोग्राफर मैत्रिणीने एक स्क्रीनशॉट पाठवला. तिलाही तेच आलं होतं, शब्द न् शब्द : केशरी स्किन टोन, मेलेल्या सावल्या, निळसर झाक, तुमच्यात दम आहे. सोबत ‘माझं काम’ म्हणून जोडलेल्या फोटोंत माझे फोटो होते. मला त्याने दाखवलेले सुरेख फोटोही असेच कोणाचे तरी असणार, अशी माझी खात्री झाली.

त्याच्या त्या पहिल्या मेसेजमध्ये माझ्या एकाही फोटोतली एकही गोष्ट नव्हती, याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. खरी समीक्षा फ्रेमला धरून बोलते : इथे डावीकडचा कापला गेलेला हात खटकतो, हा क्षण अर्धा सेकंद उशिरा आलाय, या दोघींपैकी फोकस चुकीच्या चेहऱ्यावर आहे. कोणी समीक्षा करायला आलं, तर आधी विचारा, ‘कुठल्या फोटोबद्दल बोलताय?’

नमुन्यासाठी फोटो तुम्हीच निवडा, अवघड उजेडातला आणि वयस्कर चेहऱ्याचा, आणि ‘आधी’ त्याचं नको, स्वतःच्या फाइलशी ताडून बघा. रंग आणि उजेड सुधारायला रॉ फाइल्स द्याव्याच लागतात असंही नाही. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोंच्या लहान प्रती, बनवता येतात, लांब बाजू जास्तीत जास्त २५६० पिक्सेल. कॅटलॉगसोबत, म्हणजे एडिटिंगचे बदल नोंदवणाऱ्या लाइटरूमच्या फाइलसोबत, तेवढेच पाठवा. एडिटर बदल करून कॅटलॉग परत देतो आणि ते तुमच्याकडच्या मूळ फाइल्सना लागू होतात. यात छापण्याजोगा फोटो तुमच्या हातातून जातच नाही, मग अडवून धरणार काय? बारीक रीटचिंगला पूर्ण फाइल लागते, पण ती निवडक फोटोंपुरती.

मला सगळ्यात जास्त लागलंय ते वेगळंच. त्याने ‘माझं काम’ म्हणून फिरवलेले ते फोटो माझे आहेतच, पण त्यातले चेहरे त्या कुटुंबाचे आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. फोटो काढून टाकण्यासाठी जिथे जिथे तक्रार केली तिथे पुरावा म्हणून मूळ रॉ फाइल उपयोगी पडली, कारण टिपल्याची वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती तिच्यात नोंदलेली असते. म्हणून काम पोचतं झालं तरी रॉ फाइल्स पुसू नका. आणि असा मेसेज तुम्हालाही आला असेल, तर जोडलेल्या फोटोंसकट आणि तारखेसकट त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. त्यातला एखादा फोटो दुसऱ्या कोणाचा तरी पुरावा असू शकतो.