शुगर बॉर्डरवर आलीय: चालणं, गोळी की चूर्ण?

रिपोर्टवर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरचा सरासरी अंदाज, ६.१ दिसलं की घरात लगेच तीन पक्ष पडतात. मुलगी म्हणते, उद्यापासून फिरायला जा. डॉक्टर म्हणतात, हवं तर गोळी सुरू करू. शेजारच्या काकू जांभळाच्या बियांची पूड डबीत भरून आणून देतात. ५.७ ते ६.४ म्हणजे अजून मधुमेह नव्हे, तो ६.५ पासून धरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत असे उंबरठ्यावरचे लोक देशात सुमारे १३.६ कोटी निघाले.

कुठलाही पक्ष निवडण्याआधी हिमोग्लोबिन बघा. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसीचा आकडा खोटाच वर दिसू शकतो, आणि आपल्याकडच्या बायकांत ती कमतरता घरोघरी आहे. शंका असेल तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगर तपासून घ्यावी.

आता चालणं आणि गोळी समोरासमोर ठेवू. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी, एवढंच ध्येय होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या, म्हणजे डॉक्टर सांगतात त्या गोळीच्या, गटात ३१ टक्क्यांनी. म्हणजे चालणं जिंकलं, असं इथे थांबून म्हणता येईल. पण आपल्या लोकांवरचा अभ्यास चेन्नईचा, २००६ चा, आणि तो थोडं वेगळं सांगतो. काहीच न केलेल्या १०० जणांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामवाल्या गटात ३९, गोळीवाल्या गटात साधारण ४०. दोन्ही एकत्र केलेल्यांचाही आकडा तिथेच राहिला, जास्तीचा फायदा काही दिसला नाही. शिवाय वजन फारसं न घटताही लोकांना उपयोग झाला. ‘किलो उतरत नाहीत, मग चालून काय उपयोग’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

मग गोळी कोणासाठी? त्या अमेरिकन अभ्यासात तिचा जास्त फायदा झाला तो साठीच्या आतल्यांना, फार स्थूल असलेल्यांना आणि गरोदरपणात शुगर वाढलेल्या बायकांना. गुडघे चालू देत नसतील तर तोही विचार करण्याजोगा मुद्दा. गोळी स्वस्त आहे. सुरुवातीला पोट बिघडतं, आणि वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, ते शाकाहारी माणसाचं बहुधा आधीच कमी असतं. मूत्रपिंडाची तपासणीही हवी. ‘ते केमिकल, हे नैसर्गिक’ हा वाद मात्र नको: मेटफॉर्मिनची मुळं गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीत आहेत.

चूर्णाचं पारडं खरं तर पुराव्याच्या कसोटीवर हलकं पडतं. मेथीदाण्यावर छोटे अभ्यास आहेत, शुगर थोडी उतरते असं त्यांत दिसतं. कारल्याचा पुरावा त्याहून कच्चा. पण मधुमेह टळतो का, हा आपला प्रश्न. त्याला चेन्नईसारख्या मोठ्या अभ्यासाचं पक्कं उत्तर या पुड्यांकडे नाही. भाजीत मेथी-कारलं खुशाल खा. पुडीचं तसं नाही. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. ‘डायबेटिस मुळापासून बरा’ अशी जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे, तरी ती तुमच्या मोबाईलवर येतेच.

गंमत म्हणजे सुश्रुताला चूर्णाच्या बाजूने साक्षीला बोलवावं, तर तो चालण्याच्या बाजूने उभा राहतो. गरीब प्रमेहीने (प्रमेह म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो तो विकार) पायात काही न घालता, छत्रीशिवाय, भिक्षा मागत शंभर योजनं चालावीत, असं त्याने लिहून ठेवलंय.

दोनच वेळा जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, या आपल्याकडच्या भांडणात मी पडत नाही. जे वर्षभर निभेल ते करा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, हा समज मात्र सोडा.

मी असते तर आधी तीन महिने रोज अर्धा तास चालून, भात निम्मा करून तपासणी केली असती. आकडा हलला नाही आणि वर सांगितलेल्यांपैकी एखादं कारण असलं, तर गोळी. काकूंचं मन मोडवत नसेल तर पुडी कोणी केली, त्यात काय आहे हे विचारून डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांचं इन्सुलिन चालू आहे, विशेषतः टाइप १ मधुमेहाची मुलं (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही), त्यांना ही तुलना लागूच नाही. त्यांचं इन्सुलिन चूर्णासाठी थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं.